न खणलेला कालवा

आम्ही सोफा घेतला हे कळल्यावर काका माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी डबा खाताना त्यांनी एकच प्रश्न विचारला, "उचलायला किती माणसं लागतील?"

"कशाला उचलायचा?" मी म्हटलं.

"जायचं झालं की."

"पण आम्ही कुठे जातोय काका?"

दुखणं अजून न कळलेल्या माणसाकडे आपण पाहतो, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग हातातला कागदी कप चुरगाळून टोपलीत टाकला आणि उठून गेले.

काका माझ्या नात्यातले नव्हेत; सिंगापुरात, तांजोंग पगारला एका जहाज एजन्सीच्या ऑफिसात ते माझ्या समोर बसायचे. बंदरात जहाज यायचं म्हटलं की त्याची कागदपत्रं, जहाज आत आणणाऱ्या पायलटची वेळ, इंधन, पाणी, आजारी खलाशाला डॉक्टर, हे सगळं आमचं ऑफिस बघायचं. मी नवऱ्याबरोबर पुण्याहून आले होते आणि तिथल्या कॉम्प्युटरचं काम बघायला लागले होते. काकांना तिथे बरीच वर्षं झाली होती. कुठलं जहाज कोलंबोहून कधी सुटलं आणि इथे किती वाजता लागेल, हे ते पडद्याकडे न बघता सांगायचे आणि सहसा चुकायचे नाहीत. पहिल्याच आठवड्यात आमची चिनी मॅनेजरबाई मला बाजूला घेऊन म्हणाली, "युवर अंकल व्हेरी गुड वर्कर. ओन्ली थिंग, डोन्ट आस्क अबाउट थायलंड, हां."

मी अर्थातच विचारलं.

काकांनी प्रिंटरमधला एक कोरा कागद ओढला आणि त्यावर मलायाचं लांबट शेपूट काढलं. टोकाला एक ठिपका, तो आपण. वर जिथे थायलंडची मान अगदी बारीक होते, तिथे पेन्सिलीने आडवी रेघ मारली. "ही क्राची संयोगभूमी. इथे कालवा खणला की हिंदी महासागरातली बोट सरळ पलीकडच्या आखातात. दोन-तीन दिवस वाचले. मग वळसा घालून या ठिपक्याकडे कोण येणार? पाणी प्यायला?"

मग ते इंग्रजांवर आले. साहेब हा त्यांच्या बोलण्यातला नेहमीचा माणूस होता. एखाद्या लबाड पण हुशार मामेभावाबद्दल बोलावं, तसे ते साहेबाबद्दल बोलायचे. "सुएझ खणायचं ठरलं तेव्हा साहेब हसला. विरोध केला. वाळूत पैसा ओततायत म्हणाला. कालवा झाला, आणि सगळ्यात जास्त बोटी कुणाच्या जायला लागल्या? साहेबाच्याच! मग पळापळ. इजिप्तचा राजा अडचणीत आला तसे त्याचे शेअर घेतले, मग फौज उतरवली, मग सत्तर वर्षं तिथून हलले नाहीत. हिंदुस्थानचा दरवाजा होता तो. पण धडा घेतला हो त्याने. इथे कुणी खणायच्या आतच सयामच्या राजाला बांधून घेतलं. दुसरं महायुद्ध संपल्यावर तर तहातच घातलं. सातवं कलम. आमच्या परवानगीशिवाय कालवा खणायचा नाही." त्यांनी त्या रेघेवर पेन्सिल टेकवली. "सुएझला साहेबाला अक्कल उशिरा आली, क्राला त्याने ती आधी वापरली. एका कलमावर हे बेट जगलंय बाई."

"आता कुठे आहे ते कलम?"

"गेलं. रद्द झालं पुढे," ते म्हणाले. "तेव्हापासून दिवस मोजायचे."

हे ते गमतीने म्हणत नव्हते, हे मला कळायला वर्ष लागलं.

त्यांच्याजवळ एक बॅग होती आणि त्या बॅगेत मावणार नाही अशी एकही वस्तू त्यांनी सिंगापुरात घेतली नाही. टूथपेस्ट प्रवासाची, छोटी. चहाचा स्वतःचा कप नाही. ऑफिसने दिवाळीला कुंडीतलं झाड दिलं, ते त्यांनी त्याच दिवशी लिफ्टमध्ये भेटलेल्या एका अनोळखी बाईला देऊन टाकलं. कधी तोआ पायोहला, कधी क्लेमेंटीला, कुणाच्या तरी फ्लॅटमधली एक खोली भाड्याने घ्यायची आणि वर्षा-दोन वर्षांत सोडायची. हौगांगला मात्र कधी नाही. एकदा त्या बाजूला एका खलाशाला सोडायला जायचं होतं, तर त्यांनी दुसऱ्याला पाठवलं. मी कारण विचारलं तर म्हणाले, "लांब पडतं." सिंगापुरात काय लांब पडतं?

जेवण हॉकर सेंटरमधल्या टपऱ्यांवर. रोज मासळीचं सूप आणि भात, आणि रोज तीच तक्रार. "मासा ताजा आहे, पण पोरका आहे. कोणी काही लावलंच नाही त्याला." मी कधी डब्यात सोलकढी नेली तर मात्र ते दोन्ही हातांनी वाटी धरायचे.

रविवारी ते ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर जायचे आणि नांगरून उभी असलेली जहाजं मोजायचे. एकदा आम्हीही गेलो त्यांच्याबरोबर. ते बाकावर बसून बोटाने डावीकडून उजवीकडे मोजत होते, दोनदा चुकले, पुन्हा सुरुवात केली. "एकशे बारा," शेवटी म्हणाले आणि त्यांचा चेहरा पडला.

"मग चांगलंच आहे की!" माझा नवरा म्हणाला.

"विझायच्या आधी दिवा मोठा होतो," काका म्हणाले.

माझी मुलगी तेव्हा तिसरीत होती. तिने त्यांची समजूत घातली, "अंकल, नो नीड वरी. दे वोन्ट डिग वन लाह." काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

त्या दिवशी त्यांनी आपल्या आजोबांचं सांगितलं. काका मूळचे राजापूरच्या खाडीकाठचे. राजापूरला एके काळी इंग्रजांची वखार होती, अरबस्तानापर्यंतचा माल यायचा-जायचा. पुढे खाडी गाळाने भरत गेली. आजोबांची स्वतःची दोन गलबतं होती आणि धक्क्याजवळ कोठार होतं. "गाळ एका दिवसात येत नाही गं. रोज थोडा येतो. आजोबांना वाटायचं, या पावसाळ्यात वाहून जाईल. पुढच्या पावसाळ्यात जाईल. शेजारपाजारचे मुंबईला गेले, हे राहिले. गलबतं चिखलात कुजली, तरी रोज सकाळी टोपी घालून कोठाराचं कुलूप काढायला जायचे. आत काही नसायचं. मी लहानपणी त्यांच्याबरोबर गेलोय." मग समुद्राकडे बघत म्हणाले, "मेलेल्या बंदरातला शेवटचा माणूस व्हायचं नाही, एवढं मी तेव्हाच ठरवलं."

एकदा ऑफिसात थायलंडहून एक पाहुणा आला. सोंगखला बंदरातला एजंट होता, हसरा, गोल चेहऱ्याचा. मॅनेजरबाईने काकांना मुद्दाम दुसऱ्या कामाला लावलं होतं, पण ते आलेच. खुर्ची ओढून बसले आणि थेट विचारलं, कालव्याचं काम कधी सुरू होणार?

पाहुणा पोट धरून हसला. म्हणाला, "माझे आजोबाही हेच विचारायचे."

सगळे हसले. काका शांतपणे उठून जागेवर आले. मी म्हटलं, "ऐकलंत ना? नुसती बोलाचीच कढी आहे ती."

"ऐकलं," ते म्हणाले. "आजोबांच्या काळापासून चाललंय. म्हणजे आता फार राहिलं नाही."

आम्ही ही गोष्ट पुढे कितीतरी जेवणांच्या पंगतीत सांगितली, सांगताना त्यांचा आवाजही काढला. काकू येईपर्यंत.

काकू पुण्यात राहतात, एक मुलगी आहे, काका वर्षातून एकदा तीन आठवडे जातात, एवढं मला माहीत होतं. मुलीचं लग्न होऊन ती बंगळूरला गेली आणि त्यानंतर काकू बारा दिवसांसाठी सिंगापूरला आल्या. काकांच्या घरमालकाला पाहुणा चालत नव्हता, म्हणून त्या आमच्याकडे क्लेमेंटीला उतरल्या. शाळेत शिक्षिका होत्या. नीट नेसलेली साडी, कमी बोलणं, दुसऱ्याच दिवशी माझ्या ओट्याचा ताबा. काका संध्याकाळी यायचे, त्यांच्या हातचं जेवायचे, आणि जेवताना त्यांना बंदराची बातमी द्यायचे. त्या वाढत राहायच्या.

आठव्या दिवशी, काका कामावर गेल्यावर, त्या म्हणाल्या, "मला हौगांगला नेशील?"

आम्ही एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोने गेलो, मग थोडं चाललो. त्यांना वाट पाठ होती. बाजार ओलांडला की डावीकडे, मग शाळा, मग तिसरी इमारत. मला वाटलं कुणी ओळखीचं असेल. इमारतीखालच्या मोकळ्या जागेत त्या थांबल्या आणि वर बघायला लागल्या. नवव्या मजल्याच्या खिडकीबाहेर बांबूच्या काठ्यांवर लहान मुलांचे कपडे वाळत होते.

"हे आमचं घर होणार होतं," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं, अगदी सरळ, कुणावर राग न धरता. मुलगी चार वर्षांची होती. दोघांना पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना मिळाला होता, हे घर बघून ठरवलं होतं. काकूंनी पडद्यांची मापंसुद्धा घेतली होती. सह्या करायच्या त्या आठवड्यात पेपरात बातमी आली, की थायलंडचं सरकार कालव्याचा अभ्यास करणार आहे. काका दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी घर नको म्हणून कळवलं. आणि तेवढ्यावर थांबले नाहीत. इमिग्रेशनच्या ऑफिसात जाऊन पीआर परत केला. तिथल्या बाईने तीनदा विचारलं, "यू शुअर ऑर नॉट?" मग पुन्हा नोकरीपुरत्या साध्या पासवर कामाला लागले. काकूंना म्हणाले, तू पोरीला घेऊन पुण्याला जा, शाळा बघ. इथलं दोन वर्षांत उठणार. मी आवरून येतोच.

"लग्नाला एकतीस वर्षं झाली," काकू म्हणाल्या. "त्यातली एकत्र किती, ते मी मोजत नाही. हे मोजतात तेवढं पुरे."

समोरून एक म्हातारी चिनी बाई भाजीची पिशवी घेऊन आली. आम्ही इतका वेळ वर बघतोय म्हणून तिने विचारलं, "आंटी, यू लुकिंग फॉर हू?"

काकूंचं इंग्रजी फारसं नव्हतं. त्यांनी वर बोट केलं आणि म्हणाल्या, "माय हाउस."

त्या बाईने वर पाहिलं, काकूंकडे पाहिलं. "ओह, नाइन्थ फ्लोअर. हाय फ्लोअर गुड, व्हेरी विंडी," असं म्हणून ती लिफ्टकडे गेली. काकू तिच्या पाठीकडे बघत राहिल्या. परत येताना गाडीत त्या म्हणाल्या, "मी नोकरी सोडून आलेय. यांना सांगितलेलं नाही. परतीचं तिकीट आहे, पण ते फाडता येतं. एका खोलीतसुद्धा राहीन मी. फक्त 'राहा' म्हणाले पाहिजेत. मी विचारलं तर कालव्याचं बोलतील. तू विचार. तुझं ऐकतात ते."

ते माझं ऐकत नव्हते, पण मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी काकांना ऑफिसच्या जिन्यात गाठलं आणि सगळं सांगितलं. हौगांगचं सुद्धा. ते कठड्याला धरून ऐकत होते. मी थांबले तसं त्यांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता म्हणतील. अगदी जिभेवर आलंय.

"आत्ता?" ते म्हणाले. "अगं, आत्ताच तर त्यांनी नवी समिती नेमलीय."

मी खूप बोलले. म्हटलं, काका, खणला समजा उद्या, तरी पूर्ण व्हायला दहा वर्षं लागतील. तेवढी दहा वर्षं तरी रहा दोघं एकत्र. त्यांनी मान हलवली. "तिला इथे आणायचं आणि मग एक दिवस हात धरून बाहेर काढायचं? आजोबांच्या पायी आजीची काय अवस्था झाली, ते मी पाहिलंय." म्हणजे त्यांना काकूंचं काहीच वाटत नव्हतं असं नाही. वाटत होतं म्हणूनच त्यांनी काकूंना लांब ठेवलं होतं. हे कळल्यावर माझा राग गेला आणि त्याच्या जागी काय आलं ते मला अजून नीट सांगता येत नाही.

चांगीला आम्ही काकूंना सोडायला गेलो. काका ट्रॉली आणायला गेले तेवढ्यात त्या मला म्हणाल्या, "विचारलंस ना?"

"हो."

"काय म्हणाले ते सांगू नकोस. मला पाठ आहे."

आत जाताना त्यांनी काकांना वाकून नमस्कार केला. भर विमानतळावर. काका "अगं, अगं" म्हणत मागे सरकले. काकू पुन्हा सिंगापूरला आल्या नाहीत, आणि पुढच्या वर्षी काका सुट्टीवर गेले ते तीन आठवड्यांऐवजी सहाच दिवसांत परत आले. काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही.

काही वर्षांनी आमची एजन्सी दुसऱ्या मोठ्या कंपनीने घेतली. नव्या साहेबांनी काकांच्या पासचं नूतनीकरण केलं नाही. एका शुक्रवारी त्यांना केबिनमध्ये बोलावलं आणि दहा मिनिटांत सोडलं. पास रद्द झाला की महिनाभरात देश सोडायचा असतो. तुआसला नवं बंदर उभं राहत होतं, येणाऱ्या जहाजांची यादी आमच्या पडद्यावर मावत नव्हती, आणि काकांना जावं लागत होतं.

"घरी फोन केलात?" मी विचारलं.

"केला. या म्हणाली. चार-आठ दिवस राहा म्हणाली." थोडा वेळ ते टेबलाचा कोपरा अंगठ्याने घासत राहिले. "पाहुण्याला म्हणतात ना, तसं म्हणाली."

काकूंनी शाळा सोडल्यावर घरात मुलींचं वसतिगृह सुरू केलं होतं. चार मुली राहायच्या. पुरुष माणसाला तिथे जागा नव्हती, आणि ती करावी असं काकूंना वाटलं नाही. मी त्यांना दोष देऊ शकत नाही. काका पुण्याला आठ दिवस राहिले आणि मग गावी धाकट्या भावाकडे गेले, राजापूरच्या खाडीवर. पुढे भाऊ वारला. घरात त्याची बायको, म्हणजे वहिनी, आणि काका, दोघंच.

मी महिन्या-दोन महिन्यांनी फोन करायचे. ते बंदराचं विचारायचे, मी सांगायचे. गेल्या वर्षी पेपरात वाचलं, थायलंडने कालव्याचा विचार बाजूला ठेवलाय, त्याऐवजी दोन किनारे रस्त्याने आणि रेल्वेने जोडायचं बोलतायत. मी लगेच फोन लावला. खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता, आणि तो सगळाच चांगल्या मनाचा नव्हता. एवढी वर्षं ज्याने आपल्याला घाबरवलं, त्याला एकदा तरी 'बघा, तुम्ही चुकलात' म्हणायचं होतं.

"काका, कालवा रद्द! रस्ता करणार म्हणतात आता. रेल्वे."

पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"काका?"

"खणणार नाहीत?"

"नाही. बहुतेक नाहीच आता."

"कधीच नाही?"

तेव्हा मला कळलं की मी काय केलंय. मी घाईघाईने म्हटलं, नाही, तसं काही सांगता येत नाही, सरकारं बदलतात, रस्ता झाला तरी धोका आहेच की. मी तोंडाला येईल ते बोलत होते. साठी उलटून गेलेल्या माणसाला त्याची भीती परत घ्या म्हणून विनवत होते.

"बरं," काका म्हणाले. "ठेवतो."

त्यानंतर त्यांनी माझा फोन उचलला नाही. मी आठवड्याने केला, पुन्हा केला. शेवटी एका सकाळी वहिनींनी उचलला. मी ओळख सांगितली, काका कसे आहेत विचारलं.

"आहेत. जेवायला वाढलं की जेवतात," वहिनी म्हणाल्या. "बोलत नाहीत कोणाशी. त्या दिवशी तुमचा फोन आला तेव्हापासनं असंच आहे. काय झालं होतं हो? काय म्हणालात तुम्ही त्यांना?"

"काही नाही वहिनी. कालव्याचं बोलत होतो."

"कालवांचं?" वहिनींचा आवाज एकदम मोकळा झाला. "अहो, मग सांगायचं नाही का त्यांनी! आमच्या खाडीत खडकांना हवी तेवढी कालवं आहेत. ओहोटी लागली की बायका शिंपले फोडायला जातात. मी आजच आणते. सुकं करू की रसातलं? त्यांना कसं आवडतं?"

एवढ्या वर्षांत काकांना काय आवडतं हे मी कधी विचारलं नव्हतं.

"रसातलं करा," मी म्हटलं.